गेम कमी आहेत म्हणून कन्सोल विकू नकोस

प्रिय भाच्या,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. द्राक्षाच्या सीझनला दिंडोरीकडच्या पॅकहाउसमध्ये दिवसभर उभं राहून, कात्रीने घडातले खराब मणी काढून जमवलेले ते पैसे. त्यातून निन्टेन्डो या जपानी कंपनीचा स्विच २, म्हणजे गेम खेळायचा कन्सोल, घेतलास आणि आठवडाभरात ‘मामा, यावर खेळायला काहीच नाही’ असं वाटायला लागलं, तर जीव चरफडणारच. नवा कन्सोल पूर्ण किमतीला विकायचा आणि त्याच्यासाठी खास बनवलेले गेम मात्र मोजकेच द्यायचे, ही कंपन्यांची जुनी खोड आहे. गिऱ्हाइकाने त्यावर रागवावंच. पण रागाच्या भरात एमजी रोडला जाऊन मिळेल त्या भावात तो देऊन टाकू नकोस, एवढ्यासाठी हे लिहितोय.

मोठा गेम तयार व्हायला तीन-चार वर्षं सहज जातात. गेम बनवणारे बाहेरचे स्टुडिओ आधी बघतात की कन्सोल किती जणांकडे आहे, मग पैसा लावतात. लोक बघतात गेम किती आहेत, मग कन्सोल घेतात. ही कोंडी कन्सोल बनवणाऱ्यानेच फोडायची असते. तो स्वतः त्याच्यासाठी गेम काढतोय की नाही, हीच माझ्या मते खरी पारख.

निन्टेन्डोच्याच थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या जुन्या कन्सोलचं उदाहरण घे. फेब्रुवारी २०११ मध्ये जपानात २५,००० येनला आला. गेम नाहीत म्हणून लोकांनी पाठ फिरवली आणि ऑगस्टमध्ये किंमत १५,००० येनवर आणावी लागली. आधी घेतलेल्यांना भरपाई म्हणून २० जुने गेम फुकट दिले. नोव्हेंबरात ‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’ आला, डिसेंबरात ‘मारिओ कार्ट ७’, आणि गाडी रुळावर आली. पुढे तो साडेसात कोटींच्या वर खपला. त्याच डिसेंबरात सोनीचा व्हिटा हा तसाच हातातला कन्सोल आला. यंत्र फार देखणं, स्क्रीन तर अप्रतिम. पण काही वर्षांत सोनीनेच त्याच्यासाठी मोठे गेम बनवणं सोडलं, आणि २०१९ मध्ये तो बंद झाला. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

तुझा कन्सोल व्हिटाच्या वाटेने जाईल असं मला दिसत नाही. जून २०२५ मध्ये तो आला तेव्हा सोबत ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ होता, जुलैत ‘डाँकी काँग बनान्झा’ आला, डिसेंबरात ‘मेट्रॉइड प्राइम ४’. हे सगळे निन्टेन्डोच्या घरचेच गेम.

आणि तू एक गोष्ट बघितलीच नाहीस. जुन्या स्विचचे बहुतेक गेम यात चालतात. २०१७ पासूनचा तो सगळा साठा तुझाच आहे. काहींना तर फुकट अपडेट मिळालाय. ‘पोकेमॉन स्कार्लेट’ जुन्या यंत्रावर अडखळत चालायचा, नव्यावर लोण्यासारखा चालतो. शाळेत असताना तू मित्राच्या घरी तासन्‌तास दुसऱ्याचा खेळ बघत बसायचास, ते गेम आता सेकंडहँड मिळतात. तिथून सुरुवात कर.

घेताना मात्र डोळे उघडे ठेव. स्विच २ च्या काही खोक्यांवर समोरच किल्लीचं चिन्ह असतं. आतल्या गेम-कार्डात गेम नसतोच, नुसती चावी असते. गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि खेळताना कार्डही आत लागतं. कन्सोलची जागा २५६ जीबी, ती बघता बघता भरते. मग तू मोबाइलमधलं मायक्रोएसडी कार्ड काढून घालशील, पण गेमसाठी ते चालणार नाही, एक्सप्रेस प्रकारचंच लागतं आणि ते महाग आहे. म्हणून शक्यतो पूर्ण गेम असलेलं कार्डच घे.

कुणी म्हणेल, ‘एक कार्ड टाकतो, सगळे गेम फुकट.’ त्याच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस. असं चोरीचं काही सापडलं तर निन्टेन्डो त्या कन्सोलची ऑनलाइन सेवा बंद करते. मग डाउनलोड नाही, आणि विकायला गेलास तर घेणारा नाही. सेकंडहँड कार्ड विकणाऱ्याकडूनही बिल किंवा निदान पैसे दिल्याची पावती घेऊन ठेव, कारण त्या कार्डाची आधी कुणी नक्कल केली असेल तर गोत्यात तू येऊ शकतोस.

पुढच्या वेळी मात्र उलटं कर. आज दुकानात असलेले आणि तुला मनापासून खेळायचे असलेले गेम आधी कागदावर लिही. ते तीनसुद्धा भरले नाहीत तर थांब. ‘लवकरच येत आहे’वाले त्या कागदावर घ्यायचे नाहीत.

रविवारी सकाळी घरी ये. कन्सोल चार्ज करून आण. आपण एकदोघा विकणाऱ्यांकडे जाऊ आणि कार्ड घालून, गेम सुरू होतोय हे बघूनच पैसे देऊ. पहिला गेम माझ्याकडून. कोणता, ते तू ठरवून ये.

तुझा,
मामा