इंग्लंडची एलएलएम, बाबांची ठेव आणि २५ लाखांचं कर्ज

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातली, वय २७. वकिलीची सनद घेऊन दोन वर्षं झाली, रत्नागिरीच्या कोर्टात सीनियरांकडे काम करते. महिन्याला सरासरी १८ हजार हातात येतात. इंग्लंडच्या एका विद्यापीठात ‘लीगल प्रॅक्टिस’मधल्या एक वर्षाच्या एलएलएमला (कायद्याची पदव्युत्तर पदवी) प्रवेश मिळाला आहे. फी १८ हजार पौंड, राहणं-खाणं, व्हिसा, तिकीट धरून खर्च ३६ लाखांपर्यंत जातो. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, ते ११ लाखांची ठेव मोडायला तयार आहेत. उरलेल्या २५ लाखांसाठी हापूसची बाग तारण ठेवू म्हणतात. भाऊ बारावीत आहे. पुढे न्यायाधीशाची परीक्षा द्यावी, इथेच स्वतःची प्रॅक्टिस करावी की तिकडे सॉलिसिटर, म्हणजे तिथली वकील, व्हावं, हे अजून ठरलेलं नाही. जाऊ का?

उत्तर : यंदा, या कर्जावर, जाऊ नका. तुमची हुशारी किंवा विद्यापीठाचा दर्जा याबद्दल मला शंका नाही. पण तुम्ही लिहिलेल्या तिन्ही वाटांपैकी एकीसाठीही ही पदवी सक्तीची नाही, आणि ३६ लाख घालण्याआधी एवढं एक तपासायलाच हवं.

सॉलिसिटर होण्याचंच घ्या. इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ पासून एसक्यूई ही दोन टप्प्यांची परीक्षा आहे. परवाना मिळतो तो ती पास होऊन. एलएलएममध्ये तिची तयारी करून घेत असतील, पण परीक्षेची फी बहुतेक वेळा वेगळी भरावी लागते आणि दोन्ही टप्प्यांची मिळून ती साडेचार हजार पौंडांच्या वर जाते. तुमच्या ३६ लाखांत ती धरली आहे का, बघा. दुसरं म्हणजे पहिल्या टप्प्याची परीक्षा संगणकावर असते आणि इंग्लंडबाहेरच्या केंद्रांवरही देता येते. तिकडे जायची खरंच ओढ असेल तर आधी इथूनच अभ्यास करून ती द्या. पास झालात, तर पुढच्या खर्चाचा विचार भक्कम पायावर होईल. नाही झालात, तर बाबांची ठेव शाबूत राहील.

न्यायाधीशाच्या वाटेवर तर आत्ता जाणं थेट आड येतं. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. तुमची दोन वर्षं झाली, एक उरलं. इंग्लंडच्या वर्गात बसलेलं वर्ष त्यात धरलं जाणार नाही. या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ७७,८४० रुपये आहे, भत्ते वेगळे. तुमच्या घरच्या परिस्थितीत एवढी स्थिर मिळकत एका वर्षाच्या अंतरावर असताना ती वाट मध्येच सोडणं मला पटत नाही. परीक्षा अवघड आहे, हे मान्य. पण तिच्या तयारीला बाग गहाण ठेवावी लागत नाही.

आता कर्ज. व्याज साडेदहा टक्के धरू. शिक्षणाचं एक वर्ष आणि त्यानंतरचं साधारण एक वर्ष हप्ता थांबतो, व्याज मात्र चालूच राहतं. त्या दोन वर्षांत २५ लाखांचे ३० लाखांच्या आसपास होतील. मग दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता येईल सुमारे ४०,५०० रुपये, आणि एकूण फेड ४८ लाखांच्या पुढे. तुमची आजची मिळकत १८ हजार. परतल्या परतल्या ती दुप्पट झाली, तरी सगळी हप्त्यात जाऊन वर साडेचार हजार कमी पडतील. व्याजावर करवजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत, आणि कर भरण्याइतकं उत्पन्न असेल तरच तिचा उपयोग. तुमच्या हिशोबात ती धरू नका.

बागेचं तर मला जास्तच वाटतं. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला बहुतेक बँका तयार नसतात, कारण सरफेसी कायद्याने (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणारा कायदा) तिच्यावर जप्ती आणता येत नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय आपल्याकडचे सातबारे बरेचसे सामाईक असतात. तुमच्या उताऱ्यावर चुलत्यांची नावं असतील, तर त्यांच्या सह्यांशिवाय कुणीही पुढे सरकणार नाही. मग बँक शेवटी राहत्या घराकडे बोट दाखवेल, आणि आई-बाबा तुमच्यासाठी त्यालाही हो म्हणतील. तिथे तुम्हीच नाही म्हणायला हवं. आंब्याचा पैसा वर्षातून एकदाच येतो. वाशीच्या दलालाची पट्टी हातात पडेपर्यंत किती पेट्या निघतील आणि काय भाव लागेल, हे कुणाला सांगता येत नाही. मोहोराच्या दिवसांत अवकाळी आला किंवा थ्रिप्सची कीड पडली की ते वर्ष गेलं. हप्ता मात्र बारा महिने ठरल्या तारखेला जातो.

तिसरी वाट स्वतःच्या प्रॅक्टिसची, आणि मला ती तुम्ही मानता त्यापेक्षा मोठी दिसते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आहे आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहेत. आजवर अपील म्हटलं की पक्षकार कोकण रेल्वे धरून मुंबई गाठायचा आणि इथला वकील प्रकरणातून जवळजवळ बाहेर पडायचा. आता आंबा घाट चढून कोल्हापूरला जाता येतं. वाटपाचे दावे, कुळाच्या नोंदी, महामार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला ही कामं खालच्या कोर्टापासून ज्याला ठाऊक आहेत, त्याला वरही बोलावलं जाईल. तुमच्या वयाच्या वकिलासाठी हा काळ फार चांगला आहे. बाबांच्या ठेवीतले दीड-दोन लाख फार तर यात घाला : छोटं ऑफिस, कायद्याच्या डेटाबेसची वर्गणी, कोल्हापूरच्या खेपा. ते त्यांच्याकडून उसने घ्या आणि तसं लिहून ठेवा. बँकांच्या पॅनेलवर सर्च रिपोर्टची, म्हणजे तारण मालमत्तेची मालकी कागदपत्रांवरून तपासून देण्याची, कामं मिळतात का, तेही बघा. त्यातून दर महिन्याचा खर्च निघतो. उरलेले नऊ लाख भावाच्या शिक्षणाला आणि आई-बाबांच्या आजारपणाला लागतील, त्यांना हात नको.

शिकायचंच असेल आणि पुढे लॉ कॉलेजात शिकवायचा विचार असेल, तर क्लॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन राष्ट्रीय विधी विद्यापीठाची एक वर्षाची एलएलएम करा. खर्च तुमच्या आकड्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

माझं उत्तर एकाच गोष्टीने बदलेल, ती म्हणजे पूर्ण शिष्यवृत्ती. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंगला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि तो तुमच्याकडे आहे. फी आणि राहण्याचा खर्च ती उचलते, फक्त नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, म्हणजे तिकडे सॉलिसिटर होणं लांबेल. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात. तेव्हा विद्यापीठाचं डिपॉझिट आत्ता भरू नका. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, अशी ईमेल याच आठवड्यात करा, आणि डिपॉझिट कुठल्या परिस्थितीत परत मिळतं तेही त्यांच्याकडून लेखी मागून घ्या.