शांत केबिनसाठी 4 लाख 30 हजार जास्त मोजावेत का?

प्रश्न: आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1 लाख 72 हजार. घराच्या कर्जाचा हप्ता 54 हजार, घरखर्च 58 हजार (त्यात पेट्रोलचे 11 हजार), एसआयपी 22 हजार. एफडी 3 लाखांची आहे. जुनी गाडी विकून आणि साठवलेले पैसे घालून 6 लाख डाउन पेमेंट जमतंय. नेक्सॉन ईव्ही 45 चं ऑन-रोड कोटेशन 17 लाख 10 हजार आहे, क्रेटा इलेक्ट्रिक 42 चं 21 लाख 40 हजार (45 आणि 42 हे बॅटरीच्या क्षमतेचे आकडे). रोज फोर्टला जाऊन-येऊन 60 किलोमीटर होतात. सासूबाईंना कमरेचा त्रास आहे, आठवड्यातून दोनदा त्यांना सायनला फिजिओथेरपीसाठी न्यावं लागतं. टेस्ट ड्राइव्हला क्रेटा शांत आणि मऊ वाटली, नेक्सॉनच्या मागच्या सीटवर धक्के जास्त जाणवले. वरचे 4 लाख 30 हजार मुलीच्या शिक्षणाच्या फंडातून काढू, की कर्ज वाढवून घेऊ?

उत्तर: यातलं काहीही करू नका. निदान एक नीट टेस्ट ड्राइव्ह होईपर्यंत तरी नाही. आत्ता हातात असलेल्या माहितीवर माझं मत नेक्सॉनकडे झुकतं. त्यामागचा हिशेब मांडतो, आणि कोणत्या परिस्थितीत हे मत बदलेल तेही सांगतो.

सासूबाईंच्या कमरेपासून सुरुवात करू, कारण सगळा प्रश्न तिथूनच उभा राहिलाय. गाडीची मागची सीट मागच्या चाकांच्या जवळपास वरच येते, त्यामुळे मागचं चाक खड्ड्यात गेलं की तो दणका थेट तिथं पोहोचतो. पुढची सीट दोन्ही चाकांच्या मधोमध असते, तिथं तोच धक्का बराच कमी होऊन येतो. सासूबाईंना पुढे बसवा, सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ थोडी कलती ठेवा आणि कमरेमागे पातळ उशी द्या. हा बदल फुकटात होतो आणि दोन गाड्यांमधल्या फरकापेक्षा याचा गुण जास्त येण्याची शक्यता आहे.

दुसरी फुकटातली गोष्ट रिजनची. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गाडी आपोआप ब्रेक लागल्यासारखी हळू होते आणि बॅटरीत थोडी वीज परत जाते, ते रिजन. पातळी वरची ठेवली असेल तर ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या थांबत-थांबत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये मागे बसलेल्याचं डोकं आणि कंबर सारखी पुढे-मागे होते. पुष्कळ जण याला सस्पेन्शनचा दोष समजतात. दोन्ही गाड्यांत स्टिअरिंगमागच्या पॅडलने रिजन कमी करता येतं. सासूबाई गाडीत असताना ते सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा.

आता गाड्यांकडे. मागचं सस्पेन्शन दोन्हींत टॉर्शन बीमचंच आहे (मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याने जोडलेली), म्हणजे क्रेटाचे जास्तीचे पैसे तुम्ही मागच्या स्वतंत्र सस्पेन्शनसाठी देत नाही आहात. टायर नेक्सॉनला 215/60 आर 16 आणि क्रेटाला 215/60 आर 17. यातले 215 म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी; तिचे 60 टक्के केले की रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची भिंत 129 मिलिमीटर येते, दोन्हीकडे अगदी सारखी. पेव्हर ब्लॉकच्या कडेचा किंवा खड्ड्याच्या काठाचा पहिला फटका हीच भिंत झेलते. क्रेटाचं चाक एकूण साधारण 25 मिलिमीटर मोठं असल्याने लहान खड्ड्यात ते थोडं कमी बुडतं. खरा फरक व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचा. नेक्सॉनचा 2498 मिलिमीटर, क्रेटाचा 2610. हे 112 मिलिमीटर ईस्टर्न फ्रीवेवर जाणवतात: पुढचं चाक पुलाच्या सांध्यावरून गेल्यापासून मागचं जाईपर्यंत थोडा जास्त वेळ मिळतो आणि गाडी कमी डुलते. हा फरक गाडीच्या बांधणीतला आहे, नंतर पैसे खर्चून तो आणता येत नाही.

आवाजाचं तसं नाही. त्यातला बराचसा भाग टायरचा असतो. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाची घरघर नसते, त्यामुळे एरवी तिच्याखाली दबून जाणारे आवाज उघडे पडतात. तुमच्या प्रवासात, म्हणजे 40 ते 70 च्या वेगात, टायर आणि रस्ता यांचा आवाज सर्वांत मोठा असतो. वाऱ्याचा आवाज साधारण 80 च्या पुढे वर येतो, म्हणजे अटल सेतूवर किंवा पुणे एक्स्प्रेसवेवर. रोज फोर्टला जाणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. शिवाय सिमेंटच्या रस्त्यावर काढलेल्या आडव्या खाचांमुळे जो एकसुरी सूर येतो, तो कुठल्याही गाडीत कमी-जास्त येणारच.

तुमच्या टेस्ट ड्राइव्हबद्दल मला शंका आहे ती हवेच्या दाबाची. यार्डात उभ्या गाड्यांचे टायर चपटे होऊ नयेत म्हणून त्यात हवा जास्त भरलेली असते, आणि डेमो गाडी बऱ्याचदा तशीच रस्त्यावर येते. 33 च्या जागी 40 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) असेल तर टायर कडक होतो, फटके थेट आत येतात आणि ढबढब वाढते. शिवाय मागे तुम्ही एकट्याच बसला असाल, तर बॅटरीच्या वजनासाठी कडक ठेवलेल्या स्प्रिंग नीट दबतच नाहीत आणि मागचा भाग उसळतो. म्हणून दोन्ही गाड्या पुन्हा चालवा, आणि या पद्धतीने:

रविवारी सकाळी 7 च्या सुमाराची वेळ मागा, म्हणजे दोन्ही गाड्यांना रस्ता सारखा मिळेल. निघण्याआधी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेल्या दाबाइतकी हवा दोन्हींत भरून घ्या. 600-700 रुपयांचा डिजिटल गेज स्वतःचाच न्या. दोन्ही गाड्यांत माणसं तितकीच आणि त्याच जागी बसवा. एसीचा पंखा दुसऱ्या पातळीवर, काचा बंद, म्युझिक बंद. डिकीत चार्जरची केबल सुटी पडलेली असेल तर ती काढून ठेवा. मागून येणारा खडखडाट पुष्कळ वेळा तिचाच किंवा नंबर प्लेटच्या फ्रेमचा निघतो आणि उगाच गाडीच्या नावावर जातो.

मार्ग असा घ्या: आधी सोसायटीच्या गल्लीतले पेव्हर ब्लॉक आणि गतिरोधक 15-20 च्या वेगाने, मग ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे 60 ने, मग पांजरापोळहून फ्रीवे. फ्रीवेचे सांधे सस्पेन्शनची खरी परीक्षा घेतात. चांगलं सस्पेन्शन सांध्यावर एकदा ठक करून गप्प बसतं, कमकुवत असेल तर ठक झाल्यावर गाडी आणखी एक-दोनदा हलते. तिथल्या बोगद्यात टायरचा आवाज भिंतींवरून परत येतो, तेव्हा कानात काय घुमतं ते नीट ऐका.

मोबाइलवर डेसिबल मोजणारं कुठलंही ॲप चालेल, मात्र दोन्ही गाड्यांत मोबाइल तोच हवा, ए-वेटिंग (माणसाच्या कानाला ऐकू येतं तसं मोजण्याची सेटिंग) लावलेलं हवं आणि मोबाइल मागच्या सीटवर बसलेल्याच्या कानाजवळ धरलेला हवा. आकडा किती आला याला महत्त्व नाही, दोन गाड्यांतला फरक पाहा. 3 डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. 10 चा फरक असेल तर आवाज दुप्पट वाटतो. फरक 2 किंवा त्याहून कमी आला, तर आवाजाचा मुद्दा यादीतून काढून टाका. 4-5 आला तर तो खरा आहे.

आता पैशांकडे. शोरूममध्ये तुम्हाला सांगितलं असेल की पेट्रोलचे पैसे वाचतील, त्यातून वरचा हप्ता सुटेल. आकडे जुळतात हे खरं. 4 लाख 30 हजार 9 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतले तर हप्ता 8,926 येतो. महिन्याच्या 1,500 किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून साधारण 250 युनिट लागतील. युनिटला 10 रुपये धरले तर 2,500. म्हणजे 11 हजारांतले 8,500 वाचले. पण ही बचत नेक्सॉन घेतली तरी होणारच आहे. ती इलेक्ट्रिक गाडीची कमाई आहे, क्रेटाची नव्हे.

नेक्सॉनसाठी 11 लाख 10 हजारांचं कर्ज, हप्ता सुमारे 23 हजार. घराचा हप्ता धरून पगाराचे 45 टक्के हप्त्यांत जातील. क्रेटासाठी कर्ज वाढवलं तर 50 टक्के. 45 सुद्धा मला जास्तच वाटतात, पण पेट्रोल सुटल्याने ते निभतील. 50 वर गेल्यावर एकाची नोकरी 3 महिने थांबली तरी एसआयपी बंद पडेल.

तुमचा आपत्कालीन निधी म्हणजे ती 3 लाखांची एफडी. नवा हप्ता धरून महिन्याचा खर्च साधारण 1 लाख 27 हजार होईल, म्हणजे 6 महिन्यांसाठी 7 लाख 60 हजार हवेत. नेक्सॉन घेतल्यावर महिन्याला 23,500 उरतील आणि ही तूट सुमारे 20 महिन्यांत भरून निघेल. क्रेटा घेतल्यावर उरतील 14,500 च्या आसपास, आणि खर्चही वाढलेला असल्याने त्याच कामाला जवळपास 3 वर्षं लागतील. घरात कमरेचं दुखणं असलेलं ज्येष्ठ माणूस असताना 3 वर्षं कमी निधीवर काढणं मला पटत नाही.

मुलीच्या फंडाला मात्र हात लावू नका, हे आग्रहाने सांगतो. ती आता तिसरीत असेल असं धरलं, तर बारावी व्हायला 9 वर्षांच्या आसपास आहेत. वर्षाला 10 टक्के वाढ धरली तर आजचे 4 लाख 30 हजार तोवर साधारण 10 लाख होतात. इक्विटी फंडातून काढताना वर्षाचा दीर्घकालीन नफा 1 लाख 25 हजारांच्या वर गेला, तर वरच्या रकमेवर 12.5 टक्के कर लागतो, तो वेगळाच.

जास्तीच्या पैशांचं मोल तासांत मांडून पाहा. तुमचा प्रवास महिन्याला साधारण 55 तासांचा, 7 वर्षांत 4,620 तास. कर्ज काढून क्रेटा घेतली तर व्याजासकट 5 लाख 36 हजार जास्त जातील. 7 वर्षांनी विकताना तिला नेक्सॉनपेक्षा 1 लाख 30 हजार जास्त मिळतील असं धरलं, तरी निव्वळ 4 लाख 6 हजार, म्हणजे तासाला 88 रुपये. फ्रीवेवर रोज थकून घरी येणाऱ्याला ते योग्य वाटूही शकतात, त्यात चूक काही नाही. फक्त ते 88 रुपये सासूबाईंच्या नावावर टाकू नका. त्यांच्या महिन्याला 8 फेऱ्या होतात, बाकी सगळा प्रवास तुमचा आहे.

इतर बाबी दोन्हींना सारख्याच, त्यामुळे त्यात अडकू नका. दोन्ही मोटर 65 किलोवॅटच्या वर असल्याने थर्ड पार्टी विम्याचा दर एकच. 10 लाखांवरच्या गाडीवर कापला जाणारा 1 टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला कर) आयकर रिटर्न भरताना वळता होतो, तो खर्चात धरू नका. आणि ईव्हीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची करसवलत मिळते असं कुणी सांगितलं, तर ती 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठीच होती.

माझं मत कधी बदलेल? नीट हवा भरून घेतलेल्या टेस्टमध्ये पुढच्या सीटवर बसूनही सासूबाईंना स्वतःला फरक जाणवला, डेसिबलमधला फरक 4 च्या वर आला, आणि बोनस किंवा तशाच एखाद्या रकमेतून निम्मी तफावत डाउन पेमेंटमध्ये भरता आली, तर क्रेटा घ्या आणि 8 वर्षं तरी वापरा. या तिन्हींतलं एक जरी जमलं नाही तरी नेक्सॉन.

नेक्सॉन घेतलीत तर 50 हजार बाजूला ठेवा, पण लगेच खर्च करू नका. पहिला टायरसंच झिजत आला की शांत चालणारे टायर बसवा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही, कारण बॅटरीचं वजन टायरच पेलतात. रेंज थोडी कमी होईल. रोज 60 किलोमीटर जाणाऱ्याला त्याने अडत नाही. दर 10 हजार किलोमीटरला टायर फिरवून घ्या, म्हणजे त्यांच्या जागा आपसात बदलून घ्या. हे चुकलं की टायरचे कप्पे उंचसखल झिजतात आणि घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, मग मेकॅनिक बेअरिंग बदलायला सांगतो. बेअरिंगचा आवाज वळणावर कमी-जास्त होतो, झिजलेल्या टायरचा साधारण तसाच राहतो.

डिलिव्हरीच्या वेळी ‘साउंड डॅम्पिंग’चं पॅकेज गळ्यात मारलं तर नाही म्हणा. दारांत चिकटवायच्या ब्युटाइलच्या पट्ट्यांनी पत्र्याचा थरथराट कमी होतो, पण टायरचा आवाज चाकांच्या कमानींतून आणि तळातून येतो, तिथं त्या पोहोचत नाहीत. तळाशी तर कुणालाच काही लावू देऊ नका. तिथं बॅटरी आणि नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या केबल असतात, आणि तिथं बाहेरच्या माणसाचा हात लागला तर वॉरंटीचा वाद उभा राहतो. त्याऐवजी गाडी ताब्यात घेताना चारही टायरची हवा तुमच्यासमोर स्टिकरप्रमाणे करून मागा.