सड्यावर दिसलेलं इवलंसं जांभळं फूल कोणतं? आणखी कुठे सापडेल?

सप्टेंबर महिना, रत्नागिरीकडचा जांभ्याचा सडा (म्हणजे कातळाचं उघडं पठार), फुलाच्या ओठावर पांढरा ठसा आणि 'दांडी दिसते पण पान सापडत नाही' एवढं तुम्ही लिहिलंय. त्यावरून ही सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलारिया. हे नाव एकाच जातीचं नाही, या वंशातल्या बऱ्याच जातींना आपल्याकडे असंच म्हणतात.

खात्री करायची तर फूल तोडू नका, ओणवे होऊन बाजूने बघा. पाकळ्यांचे दोन ओठ असतात आणि मागून खाली वळलेलं टोकदार शिंग निघतं. मग फुलाखालची हिरवी निदलं मोजा, ती दोनच भरायला हवीत. लिंडर्निया या दुसऱ्या रानफुलाचं फूलही दोन ओठांचं असल्याने घोटाळा होतो, पण त्याला शिंग नसतं, निदलं पाच असतात आणि दांडीवर समोरासमोर पानं असतात. लांबून जांभळा गालिचा दिसला तर ती जांभळी मंजिरीही असू शकते, तिची फुलं दाट तुऱ्यात येतात.

सीतेच्या आसवांना पानं असतात, पण गवताच्या पात्यासारखी बारीक, बुडाशी. फुलोरा येईपर्यंत ती सुकतात किंवा शेवाळात दडतात. खरं मूळ या झाडाला नाहीच. चिखलात दोऱ्यासारखे फाटे पसरतात आणि त्यांवर खसखशीएवढ्या पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाशी सूक्ष्म जीव टेकला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. कातळावरच्या बोटभर मातीत नत्र-स्फुरद जेमतेम, ती तूट अशी भरून निघते.

म्हणून शोधायचं ते कातळावर पाणी झिरपत राहतं तिथे. पांढऱ्या बटणांसारखे गेंद दिसले की आजूबाजूला हीही सापडतात. कासच्या पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात जांभळे पट्टे दिसतात ते बरेचसे यांचेच. भातखाचरात गवताला वेढे घेत चढणारी, जाळीदार शिरांची मोठी फुलं युट्रिक्युलारिया रेटिक्युलाटाची. ओल्या खडकावर किंवा झाडाच्या खोडावर फिकट, बारकी फुलं असतील तर ती स्ट्रिएटुला, आणि तळ्यात तरंगणारी पिवळी बहुधा ऑरिया.

कुंडीत लावायला उपटून नेऊ नका. खताच्या मातीत ती टिकत नाहीत. सड्यावरही भराव पडला किंवा चर खणून पाणी काढून दिलं की तेवढ्या पट्ट्यातून ती जातात. ऑक्टोबरात कातळ तापला की सगळं वाळून जाईल, बी मात्र तिथेच राहतं. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी बघा.