एकाच जातीची झाडं लावण्यापेक्षा मिश्र झाडं लावली तर जंगल खरंच जास्त वाढतं का?

हो, बहुतेक ठिकाणी वाढतं. पण तुलना कशाशी करताय, ते आधी पाहायला हवं.

चीनच्या जिआंगशी प्रांतात २००९ पासून डोंगरउतारावर एक मोठा प्रयोग चालू आहे. काही तुकड्यांत एकच जात, काहींत दोन, चार, आठ, तर काहींत सोळा जाती अशी दीड लाखाहून जास्त झाडं तिथे लावली. आठ वर्षांनी सोळा जातींच्या तुकड्यांनी साठवलेला कार्बन एकल तुकड्यांच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त भरला. मात्र तिथल्या दोन व्यापारी जातींच्या एकल लागवडीही जवळपास तेवढ्याच वाढल्या होत्या. ही गोष्ट लोक सांगायची विसरतात, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते.

मिश्र झाडं जास्त का वाढतात, याचं कारण आपल्या शेतकऱ्याला नवं नाही. ज्वारीत तूर का घेतो? मुळं वेगवेगळ्या थरांतलं पाणी ओढतात, तूर हवेतला नत्र जमिनीत आणते. जंगलातही तेच: उंच झाडांना ऊन, खालच्यांना सावली चालते, आणि पानं खाणारी अळी एका जातीवर पडली तरी बाकीची झाडं वाढत राहतात.

म्हणून नुसती जातींची संख्या मोजू नका. एकसारख्या सवयींच्या दहा जातींपेक्षा वेगळ्या स्वभावाच्या चार बऱ्या. सागाच्या रांगांमध्ये शिवण, करंज, शिसव लावून बघा. करंज आणि शिसव तर तुरीसारखी शेंगवर्गीयच आहेत.