दाजींना कॉफी द्यायचीय, कोणती घेऊ?

प्रश्न : दाजींना कॉफीचं लय वेड, वाढदिवसाला उंचावरच्या, एकाच मळ्यातल्या बिया द्यायच्यात, पण पाकिटावर १२०० मीटर न काय काय लिहिलंय, काहीच कळंना. – एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, आधी दाजींकडं ग्राइंडर हाय का बघा, नसला तर बिया डब्यातच राहतील, मग फिल्टरसाठी का फ्रेंच प्रेससाठी (दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं) ते सांगून दळूनच घ्या. पाकिटावरचे मीटर म्हणजे मळा समुद्रसपाटीपासून किती उंच ते. उंचावर गारवा, म्हणून फळ हळू पिकतं, बी घट्ट भरते न चवीला फळासारखा आंबूसपणा येतो. कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या बाबाबुडनगिरी डोंगरातली अरेबिका (कॉफीची एक जात), मिडियम रोस्ट म्हंजे मध्यम भाजलेली बघा. मीटरपेक्षा भाजल्याची तारीख महत्त्वाची, महिन्याच्या आतली पाहिजे. पण दाजी दुधात तीन चमचे साखर टाकून पिणारे असले तर एवढा खर्च कशाला, चिकोरीवालीच (भाजलेल्या चिकोरी मुळाची पूड मिसळलेली कॉफी) आवडंल त्यांना.