‘गोळ्यांनी माझी बीजं संपली का, मॅडम?’

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वय ३१. माहेर मंगळवेढ्याचं, सासर सोलापुरात. अक्कलकोट रोडला युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात काम. लग्नानंतर पहिली दोन वर्षं गर्भनिरोधक गोळ्या, त्यानंतर दीड वर्ष वाट बघणं. डॉक्टरांनी एएमएच, म्हणजे बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं रक्तातलं संप्रेरक, तपासायला सांगितलं, ते ०.९ आलं. तिने रिपोर्ट पुढे सरकवला, तर त्या आकड्याभोवती बॉलपेनने इतक्यांदा गिरवलं होतं की कागद फाटायला आलेला.

"आत्या म्हणतात, गोळ्यांनी बीजं जळाली. जाऊबाई म्हणतात, गोळ्या चालू असताना बीज बाहेरच येत नाही, मग साठायला पाहिजेत. कुणाचं खरं?"

दोघींचंही नाही. पण जाऊबाईंचा प्रश्न बिनतोड होता, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली.

रिपोर्ट उलटा करून मागे आकडे लिहिले. तू आईच्या पोटात पाच महिन्यांची होतीस तेव्हा तुझ्या बीजांडकोशांत साठ-सत्तर लाख बीजपेशी होत्या. जन्मली तेव्हा १० ते २० लाख. पाळी सुरू होताना तीन-चार लाख. आणि आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात त्या जेमतेम ४०० ते ५००.

तिने हिशेब केला. "मग बाकीच्या?"

बाकीच्या आपोआप विरून जातात. दर महिन्याला एकच बीज खर्च होतं अशी आपली समजूत असते, आणि सगळा घोळ तिथेच आहे. बीजपेशीभोवती पेशींचं आवरण असतं, ती पुटिका. सुप्त पुटिका जागी होऊन पूर्ण वाढायला कित्येक महिने लागतात. शेवटच्या टप्प्यात थोड्याच उरतात, मेंदूखालच्या ग्रंथीतून येणाऱ्या एफएसएच या संप्रेरकावर त्यांतली एक पुढे निघते, बाकीच्या सुकतात. ही शेवटची निवड आणि बीज बाहेर पडणं गोळ्या थांबवतात. त्याआधी पुटिकांची आपोआप होणारी गळती त्या थांबवत नाहीत आणि वाढवतही नाहीत. म्हणून गोळ्यांनी साठा जळत नाही आणि साठतही नाही. गोळ्या चालू असताना एएमएच थोडं कमी दिसू शकतं, पण हिने त्या कधीच सोडल्या होत्या.

एएमएच तयार होतं वाढीला लागलेल्या लहान पुटिकांमध्ये. त्यावरून साठ्याचा अंदाज येतो. ३१ व्या वर्षी ०.९ कमीच, ते मी लपवलं नाही. पण बीज चांगलं आहे की नाही, हे त्या आकड्यात नसतं. पाळी नियमित असलेल्या बाईला दिवस राहतील की नाही, हे नुसत्या एएमएचवरून सांगता येत नाही. टेस्ट ट्यूब बेबीची वेळ आलीच तर इंजेक्शनं देऊन किती बीजं मिळतील, याचा अंदाज मात्र त्यावरून बांधतात.

ती म्हणाली, "म्हणजे पेवात ज्वारी किती उरली ते कळतं, उगवेल का ते नाही." मंगळवेढ्याच्या लेकीला मी आणखी काय समजावणार!

बीजाचा दर्जा मुख्यतः वयावर ठरतो. आईच्या पोटात असतानाच बीजपेशीचं विभाजन सुरू होऊन अर्ध्यावर थांबतं. पहिला टप्पा पुरा होतो तो बीज बाहेर पडण्याच्या काही तास आधी, एलएच हे त्याच ग्रंथीतलं दुसरं संप्रेरक वाढल्यावर; दुसरा, शुक्राणू आत शिरला तरच. इतकी वर्षं थांबलेल्या पेशीत गुणसूत्रांच्या वाटणीत चूक होण्याची शक्यता वयाबरोबर वाढते, पस्तिशीनंतर जास्तच. म्हणून तिला "घाबरू नकोस" म्हणाले तसं "अजून दोन वर्षं बघू" असं म्हणाले नाही. पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर दोघांची तपासणी व्हायला हवी.

मोबाइलवर तिने बीजं वाढवणारी पावडरही शोधून ठेवली होती. नवी बीजं तयार करणारी पावडर बाजारात नाही. ते पैसे तपासणीला ठेव, असं स्पष्ट सांगितलं.

मग विचारलं, "मालकांची तपासणी?" दीड वर्षात ती झालीच नव्हती. कुणी सांगितलीच नव्हती म्हणे. हे मी इतक्यांदा ऐकते की आता रागही येत नाही. पण खोटं कशाला, येतो.

पुढच्या खेपेला नवरा बरोबर आला. जरा अवघडलेला. त्याने एकच विचारलं, "त्यासाठी सुट्टी टाकावी लागंल का?" नमुना द्यायला फार वेळ लागत नाही, फक्त आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा, असं सांगितलं. त्याने खिशातून फोन काढून तारीख बघितली.