बारावीला ८७ टक्के आहेत, मराठी माध्यम. कोलकात्याच्या आयएसआयला (भारतीय सांख्यिकी संस्था) बीस्टॅटसाठी, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदवीसाठी, अर्ज करू का? वेगळा क्लास लावावा लागेल का?

अर्ज करा. ८७ टक्क्यांना तिथे कुणी विचारलं नाही, मला तर नाहीच. बारावीला गणित आणि इंग्रजी होतं एवढं पाहिलं, बाकी सगळं प्रवेश परीक्षेवर.

क्लासचं मात्र जरा सविस्तर लिहितो, दुखरी नस आहे. मी लातूरचा, २०१२ची गोष्ट. क्लासमधल्या सरांना आयएसआयचा जुना पेपर नेऊन दाखवला. त्यांनी दोन मिनिटं चाळला आणि भर वर्गात म्हणाले, "याला जनगणनेला जायचंय." सगळे हसले. घरी काकांचंही तेच. "अरे, जनगणनेला झेडपीचे मास्तर आहेत की!"

परीक्षेत दोन पेपर, दोन-दोन तासांचे. पहिल्यात ३० बहुपर्यायी प्रश्न. बरोबरला ४ गुण, चुकलं तर ०, सोडून दिलं तर १. म्हणजे येत नाही तिथे गप्प बसण्याचेही गुण. हे आम्हाला कुठल्या क्लासनं शिकवलं असतं? दुसऱ्यात ८ प्रश्न, पूर्ण सिद्धता लिहायची. मी चारच सोडवले, पण शेवटच्या ओळीपर्यंत.

मुलाखतीला वडील आणि मी पुण्याहून आझाद हिंदनं हावड्याला गेलो. प्रश्न आला: खोलीत काही माणसं आहेत, कुणी कुणाशी हात मिळवले, कुणाशी नाही. निदान दोघांनी तरी सारख्याच संख्येनं हात मिळवले असणार, हे दाखव. मी फॉर्म्युला आठवत बसलो. फॉर्म्युला नव्हताच! शेवटी खडू घेऊन फळ्यावर चार ठिपके काढले. सगळ्यांचे आकडे वेगळे असतील तर ०, १, २, ३ असेच असणार. पण ज्यानं तिघांशी हात मिळवला तो असेल, तर शून्यवाला कुठून येणार? हे सुचायला मला चांगला वेळ लागला, इंग्रजीही मोडकंतोडकं होतं. कुणी घाई केली नाही.

यादीत नाव आलं. महिन्याभरात त्याच क्लासच्या फ्लेक्सवर माझा फोटो, खाली 'आमचा गुणवंत विद्यार्थी'. वडिलांनी जाऊन उतरवायला सांगितला. दिवाळीपर्यंत तिथेच होता.

तेव्हा क्लास नको. जुने पेपर घ्या, एका प्रश्नाला दोन दिवस द्या आणि उत्तर मागे उलटून बघू नका.

हो, हे माझ्या वेळचं. पद्धत बदलू शकते, यंदाची सूचना आयएसआयच्या संकेतस्थळावर नीट वाचा. विद्यावेतन मिळतं, पण गुण घसरले की तेही घसरतं. पहिल्या वर्षी मी रडलोय. आणि जेईई सोडू नका हं, मीही दिली होती. रँक विचारू नका.